पांढरा धुरळा

४ जून

पोहोचले एकदाची. दोन बॅगा आणि एक उशी. उशी पाहून सर हसले आणि मोठी बॅग स्वतः उचलून जिने चढायला लागले. साठी उलटलेला माणूस, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलचा मालक, आणि मी आपली ‘नको, नको’ करत मागून. शिक्षण संपल्यावरची पहिलीच नोकरी, आणि ती इतकी सहज मिळाली की आईला अजून खरं वाटत नाहीये.

खोली हॉस्पिटलच्याच सगळ्यात वरच्या मजल्यावर. खिडकीखाली गल्ली, समोर शिंप्याचं दुकान, त्याला चिकटून किल्ल्या बनवणारा. कपाटाचं दार बसत नाही, म्हणून कागदाची घडी करून अडकवली. दुपारी सरांच्या पत्नीने जेवायला बोलावलं. त्यांना इथे सगळे वहिनी म्हणतात. कमी बोलतात, पण ताटात काय हवं-नको ते बरोबर कळतं त्यांना. गळ्यापर्यंत बंद, ढगळ कपडे. जेवताना खुर्चीला अजिबात टेकल्या नाहीत.

मग माझी खोली पाहिली, सोनोग्राफीची. मशीन नवं कोरं! पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. ते मी सोललं. लहान मुलासारखा आनंद झाला.

ताईला फोन केला. म्हणाली, पेन्सिल, आता पगार आहे, तर चार घास जास्त खात जा, निदान कपडे तरी अंगावर बसतील. शाळेपासून तिने मला पेन्सिलच म्हटलंय. तिची दोन्ही पोरं मागून ओरडत होती.

९ जून

काम अंगवळणी पडतंय. इथे नाकं, पोटं, पापण्या सगळं होतं, पण मुख्य काम छातीचं. बायका लांबून लांबून येतात. ऑपरेशनआधी कुठे गाठबिठ नाही ना, एवढं मी बघायचं. रिपोर्ट दोन ओळींत लिहायचा. सरांचं म्हणणं, रिपोर्ट लांबला की पेशंटची झोप जाते. पटलं मला.

इथल्या स्टाफकडे पाहिलं की आपण चुकून एखाद्या मासिकाच्या पानात शिरलोय असं वाटतं. रिसेप्शनवरच्या दोघी, नर्सेस, हिशेबाची बाई, अगदी मेट्रनसुद्धा, सगळ्या कशा भरलेल्या आणि ताठ. मधे मी, हँगरवर टांगलेल्या कोटासारखी.

एक गोष्ट विचारायची राहून जाते. ऑपरेशन झालेल्या बायका पुन्हा माझ्याकडे येतच नाहीत. त्या मेट्रनकडे जातात, मसाजच्या खोलीत. आज सरांना विचारलंच. ते म्हणाले, जे डोळ्याला चांगलं दिसतंय ते मशीनवर कशाला बघायचं. सगळे हसले. मीही हसले.

शिंप्याशी ओळख झाली. इथून बाहेर पडलेल्या बायका आपले कपडे सैल करून घ्यायला थेट त्याच्याकडे जातात, म्हणून तो सरांना देव मानतो. माझ्या कोटाचं बटण फुकट लावून दिलं.

१५ जून

आज फावल्या वेळात स्वतःलाच तपासलं. डाव्या बाजूला माझी एक जुनी गाठ आहे, कॉलेजपासूनची. गोल, गुळगुळीत, बोटाखाली सरकते. साधी. सुई घालून तपासलेली आहे, धोका काही नाही. वाढलीय का तेवढं बघत होते, तर वहिनी दार न वाजवता आत आल्या. पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मग गेल्या.

संध्याकाळी सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, काढून टाकू, घरचंच काम आहे, तेवढाच भाग बधिर करायचा, अर्ध्या तासात मोकळी. मी म्हटलं, त्रास नाही तर राहू दे. ते म्हणाले, डॉक्टरच अशी टाळाटाळ करायला लागले तर पेशंटला काय तोंडाने सांगणार?

ताई म्हणते काढून घे. आई रडते फोनवर गाठीचं नाव निघालं की. ठीक आहे. काढते.

२० जून

झालं काल. बधिर करणार होते, पण शेवटी पूर्ण भूल दिली. सर म्हणाले, गाठ वाटली त्यापेक्षा खोल होती. जाग आली तेव्हा सर शेजारी बसून होते आणि वहिनी माझे पाय चेपत होत्या. माझी आईसुद्धा इतकं करत नाही.

छातीला दोन्ही बाजूंनी घट्ट पट्टा आहे. दुखतंय दोन्हीकडे. मेट्रनला विचारलं, गाठ डावीकडची, मग उजवीकडे का दुखतं? तर म्हणे पट्ट्याने. पट्टा तीच बदलते. त्या वेळी मी छताकडे बघायचं, मान वाकवली तर टाके ताणतात म्हणे. मग वरून हलक्या हाताने चोळते. आमच्या कॉलेजात ताज्या टाक्यांवर कुणी चोळलं असतं तर तिथल्या प्राध्यापकांनी त्याला खिडकीतून फेकलं असतं. पण प्रत्येकाची पद्धत वेगळी.

थोडा ताप आहे. होतोच.

२६ जून

कामावर गेले. आज एक बाई मेट्रनचा डोळा चुकवून माझ्याकडे आल्या. बँकेत कॅशियर आहेत. इथेच छाती भरून घेतली होती दोन वर्षांपूर्वी. आता छाती दगड झालीय, कातडी लाल, ताणलेली, उजव्या काखेत गाठींची माळ. मुलगी कुशीत आली की तिला लागतं, म्हणाल्या.

हात लावून पाहिला. खरंच दगड. मग मशीन लावलं.

सिलिकॉनची पिशवी आत ठेवली असेल तर ती पडद्यावर काळी दिसते, पाण्यासारखी, भोवती कडेची स्वच्छ रेघ. फुटली असेल तर ती रेघ मोडते, आत सुरकुतते. मी ती रेघ शोधत होते. रेघच नाही. पिशवीच नाही. नुसता पांढरा धुरळा. वरची कड चकाकते आणि तिच्यामागे सगळं एकसारखं पांढरं, धूसर. स्नायू दिसत नाही, बरगड्या दिसत नाहीत. काखेतल्या गाठींतही तेच. पुस्तकात हे एकदाच पाहिलं होतं. मोकळं सिलिकॉन. कुणीतरी सुईने थेट मांसात सोडलेलं.

बाईंनी विचारलं, काही दिसतंय का? म्हटलं, जरा वेळ लागतोय.

२७ जून

सरांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, आणि एखाद्या आवडत्या विद्यार्थिनीला समजवावं तसं समजावलं.

“पिशवी फुटते. ज्याला पिशवीच नाही, ते फुटणार कसं?”

वीस वर्षं ते हेच करताहेत. माल कुठला, विचारलं. ऑपरेशन थिएटरच्या कपाटातला डबा त्यांनीच उघडून दाखवला. वर चिठ्ठी नाही, काही नाही. पाण्यासारखं स्वच्छ, बोटाला मऊ. ते म्हणाले, बघ, वाससुद्धा नाही.

मी म्हटलं, बाईंची छाती दगड झालीय. ते म्हणाले, शरीर एखाद्या गोष्टीला आपलं मानायला वेळ घेतं. मसाज वाढवू.

२८ जून

कॅशियरबाईंना बोलावून खरं सांगितलं. कुठून बळ आलं कुणास ठाऊक.

म्हटलं, याला औषध नाही. गोळ्यांनी सूज थोडी उतरेल, लाली कमी होईल, पण आतलं तिथेच राहील. सुईने ओढून काढायला गेलं तर चमचाभर निघतं, बाकीचं आणखी पसरतं. कणकेत मळलेलं तेल परत वेगळं करता येत नाही, तसं आहे. काढायचं म्हणजे ते जिथे जिथे मुरलंय तेवढं मांस काढायचं. कदाचित दोन्ही स्तन. मोठ्या हॉस्पिटलात जा, एमआरआय करून घ्या, कुठवर पोहोचलंय ते कळेल. आणि तोवर कुणालाही चोळू देऊ नका. हेही सांगितलं की या धुरळ्यामागे उद्या कॅन्सरची गाठ झाली, तरी माझ्या मशीनवर ती कुणाला दिसणार नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुम्ही नवीन आहात ना इथे?”

पर्स उचलून गेल्या.

२९ जून

त्या माझ्याकडून निघाल्या त्या थेट सरांकडेच गेल्या होत्या. मी जे जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. सरांनी दुरुस्तीचे पैसे घेणार नाही म्हटलंय त्यांना.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चांगली डॉक्टर आहे ही, फक्त मन मोठं नाही. मग एकट्यात, जिन्यात:

“आरशासमोर उभी राहिलीस की स्वतःलाही हेच सांगणार आहेस का?”

मला कळलं नाही. खोलीत येईपर्यंत कळलं नाही. दार लावलं. कात्रीने पट्टा कापला.

डावीकडे बगलेजवळ टाक्यांची रेघ. उजवीकडे टाका नाही, फक्त सुईची तीन टिंबं, बरी होत आलेली. दोन्ही फुगलेल्या, चकचकीत, एकसारख्या. माझ्या नाहीत त्या.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मशीन चालू केलं. जेल लावलं. किती गार होतं ते. डावीकडे धरलं. पांढरं. उजवीकडे. पांढरं. हात फिरवत राहिले, कुठेतरी एक बरगडी दिसेल, माझी एखादी ओळखीची रेघ दिसेल. काहीच नाही.

पडद्यावर हात ठेवून किती वेळ बसले होते, आठवत नाही.

३० जून

सरांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं मी. का केलंत, विचारलं. ते खरोखर दुखावले. म्हणाले, गाठ काढली की तिथे खड्डा पडतो, तो भरला. एक बाजू भरली की दुसरी उणी दिसते. मी तुझं काही घेतलं नाही, दिलंच आहे.

नंतर वहिनी जेवण घेऊन आल्या. ताट टेबलावर ठेवलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःची बटणं सोडायला लागल्या.

वर काही उरलेलंच नाही. सगळं वर्षानुवर्षं खाली उतरलंय, बरगड्यांवरून पोटापर्यंत, फरशीच्या तुकड्यांसारखं कातडीखाली रचलेलं. जांभळट. एका ठिकाणी भोक पडलंय, त्यात कापसाचा बोळा. म्हणून त्या टेकत नाहीत.

“पहिली मी,” त्या म्हणाल्या. “तेव्हा ह्यांचा हात बसला नव्हता.”

अभिमानाने म्हणाल्या. देवाशपथ, अभिमानाने. मी विचारलं, काढून का नाही घेतलंत? तर म्हणे काढायचं म्हणजे मला कापायचं, ते ह्यांना बघवणार नाही. आतापर्यंत दोघीच गेल्या म्हणाल्या, फुप्फुसात गेलं त्यांच्या, श्वास लागला. त्यात ह्यांचा काय दोष. स्टाफमधल्या सगळ्यांना यांनीच दिलंय, कुणाची तक्रार नाही. मला म्हणाल्या, तू सुद्धा मनाला लावून घेऊ नकोस, गरम आहे तोवर खाऊन घे.

२ जुलै

कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्यांनी मला मधेच थांबवून विचारलं, खोकला आहे? आहे. ताप? आहे. कुणी चोळत होतं? रोज. मॅडम म्हणाल्या, पहिल्या बसने निघ, छातीचा स्कॅन करायचा, इथे सगळी तयारी ठेवते. चोळल्याने ते शिरांत ढकललं जातं. कुणाला हात लावू देऊ नकोस.

तेवढंच मीही चार दिवसांपूर्वी कॅशियरबाईंना सांगत होते. किती ऐटीत.

एक बॅग उचलली, उशी राहू दिली. भर दुपारी, सगळ्यांसमोरून बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. रिसेप्शनवरच्या दोघींनी हात हलवला. बसस्टँडपर्यंत सरळ रस्ता आहे, चढ नाही काही नाही. अर्ध्या वाटेत श्वास पुरेना. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. बसले ती आडवी झाले. भोवती माणसं जमली. कुणी पाणी दिलं, कुणी तोंडावर मारलं. गर्दीतून शिंपी पुढे आला, म्हणाला, अहो, या तर आमच्या डॉक्टरीणबाई. तिथे नको, तिथे नको, एवढंच मी म्हणत होते. त्याला वाटलं वात झालाय. भला माणूस. स्वतःच्या गाडीत घालून, हॉर्न वाजवत, मला परत इथे आणून सोडलं.

सर दारातच उभे होते.

५ जुलै

मसाजच्या खोलीशेजारचा पलंग. नाकात ऑक्सिजन. थुंकीत रक्त, धाग्यासारखं. छातीवर आणि गळ्याजवळ बारीक लाल ठिपके. मला ठाऊक आहे हे काय आहे. फुप्फुसात गेलंय. उतारा नाही. ऑक्सिजन, स्टिरॉइड, मोठ्या हॉस्पिटलचं मशीन, आणि वाट बघणं. इथे फक्त ऑक्सिजन आहे, तोही मेट्रनच्या हातात.

काल चोळायला आली. तिच्या हाताला चावले. ती रागावली नाही. मग दोघींनी धरलं आणि चोळलं. तिसरी मला म्हणत होती, झालं हं, झालं.

फोन सापडत नाही. मॅडमनी ताईला कळवलं असावं. उद्या ताई येतेय असं सर म्हणाले. त्यांना आनंद झालाय.

६ जुलै

ताई आली. ताई आली. तिला पाहिल्यावर पहिल्यांदा रडू फुटलं.

सगळं सांगितलं, तुटक, मधे खोकत. ती केसांतून हात फिरवत होती. मग तिने चादर खाली करून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आलं ते भलतंच काहीतरी होतं.

“करून घ्यायचं होतं तर मला आधी सांगायचं तरी. मी काय हसले असते?”

मी नाही म्हणते तर ती मान हलवते. पेन्सिल म्हणायचो म्हणून मनात घेतलंस ना, म्हणाली. सरांनी तिला सांगितलंय, ऑक्सिजन कमी पडला की पेशंट संशयी होतो, आपल्याच माणसांवर आळ घेतो. जिद्दीने तिला मशीनपाशी न्यायला लावलं. चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःला तपासलं, तिला दाखवलं. तिने नीट वाकून पाहिलं. म्हणाली, पांढरंच तर दिसतंय सगळं स्वच्छ, मग बिघडलं काय?

मॅडमकडे जाऊ म्हटलं. सर म्हणाले, हलवायची अवस्था नाही, सोमवारपर्यंत बघू. ताईने मान डोलवली.

८ जुलै

ताई वहिनींकडे जेवते. झोपते तिथेच. रोज येते, सरांबद्दल बोलते. किती करतात गं तुझ्यासाठी. स्वतःच्या हाताने तोंड पुसतात तुझं.

आज म्हणाली, दोन पोरांनंतर काय उरतं गं बाईचं. हसत म्हणाली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, नखं लागतात.

९ जुलै

बोलता येत नाही. चार शब्दांनंतर श्वास—

कॅशियरबाई आल्या होत्या. दुरुस्तीसाठी भरती झाल्यात. पाच मिनिटं बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, शरीराला वेळ द्यावा लागतो.

ताई सकाळपासून उपाशी आहे. पाणीसुद्धा नको म्हणाली. विचारलं का— खूण करून— तर लाजली.

उपाशी. ऑपरेशनआधी उपाशी—

तीच तारीख, दुपार

ताई हिरव्या गाऊनमध्ये आली, केसांवर टोपी. मला दाखवायला. माझ्या कपाळाची पापी घेतली. सर पैसे घेणार नाहीत म्हणे, घरचंच काम. भावोजींना सांगितलेलं नाही, गंमत करणार आहे. मास्क ओढून मी ओरडले. आवाज नाही, रक्त आलं. सर धावत आले, मास्क लावला, तोंड पुसलं. ताईला म्हणाले, तू मन शांत ठेव, नाहीतर भूल नीट चढत नाही. ताई रडत होती. माझ्यासाठी. त्यांच्याबरोबर गेली.

वहिनी शेजारी बसल्यात. वही त्यांनीच दिली हातात. लिही म्हणतात काय ते, मी नेऊन देते तिला, सुई लागायच्या आधी.

ताई हे वाच. आधी हे वाच. नको म्हण. डबा आहे कपाटात, बिनचिठ्ठीचा, तो तुझ्या अंगात— निघत नाही. कधीच निघत नाही. वहिनींना बटणं काढायला सांग. बघ त्यांच्याकडे. ऊठ आणि गाऊनवरच रस्त्यावर जा, शिंप्याकडे नको, लांब— पोरांसाठी—

वहिनी म्हणतात, सावकाश लिही, घाई नाही. पाठ टेकून देतात मला. पान भरलं की जातेच म्हणतात.

चाकांचा आवाज— जिन्याकडून—

वहिनी घ्या आता, एवढंच न्या, घ्या—

म्हणतात अजून अर्धं पान कोरं आहे. लिही.

ताई सही करू नको ताई मी इथे वर आहे मी अजून